नामिबिया: छतावरच्या तंबूची फोर बाय फोर घ्यावी, की साधी गाडी आणि लॉज?

सावळागोंधळ

नमस्कार मंडळी. जून-जुलैत नामिबियाला जायचं जवळजवळ नक्की झालंय. आम्ही दोघं, चौदा वर्षांची लेक आणि नऊ वर्षांचे चिरंजीव. मार्ग बहुतेक लोक करतात तोच: विंडहूक, सेसरिएम (म्हणजे सोसुसफ्लेच्या वाळूच्या टेकड्या), स्वाकोपमुंड, ट्वेफेलफाँटेन, एटोशाचं अभयारण्य आणि परत विंडहूक. हातात साधारण पंधरवडा आहे.

घरात वाद पेटलाय तो गाडीवरून. मला छतावर तंबू असलेली फोर बाय फोर (म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली) डबल कॅब पिकअप हवी आहे. फ्रीज, गॅस, खुर्च्या, भांडी सगळं गाडीतच मिळतं. नवऱ्याचं म्हणणं असं की साधी, जरा उंच एसयूव्ही घ्यावी आणि लॉजमध्ये राहावं. "फोर बाय फोरचा दांडा आपण जन्मात ओढला नाही, तो वाळवंटात जाऊन ओढणार का?" हे त्याचं वाक्य. भाड्यात बराच फरक आहे, पण लॉजचे दर पाहिले की तो भरून निघेल असं मला वाटतं.

तिथे स्वतः गाडी चालवलेल्यांनी सांगा: या मार्गाला फोर बाय फोर खरंच लागते का? आणि मुलांना घेऊन छतावर झोपणं कितपत जमतं?

पाचवा_गिअर

नवरोबांना +१. बाकी खुर्ची पुढे ओढून बसलोय.

गिअरबॉक्स_काका

सावळागोंधळ, प्रश्न दोन आहेत आणि तुम्ही ते एकत्र बांधलेत. फोर बाय फोर लागते का, हा एक. तंबूत राहायचं का, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर: तुम्ही लिहिलेल्या मार्गावर, कोरड्या हंगामात, फोर बाय फोर जिथे लागतेच असा टप्पा फक्त एक. सेसरिएमच्या फाटकापासून साधारण ६० किमी गुळगुळीत डांबरी रस्ता आहे. तो संपतो तिथे साध्या गाड्यांचा वाहनतळ, आणि पुढचे सुमारे ५ किमी खोल, भुसभुशीत वाळू. तिथे साधी गाडी घातलीत तर पहिल्या शंभर मीटरमध्ये बसते. पण त्या पाच किलोमीटरसाठी शटल मिळते. म्हणजे केवळ तेवढ्यासाठी आख्ख्या सहलीची फोर बाय फोर घ्यायची तर हिशेब बसत नाही.

उरलेला रस्ता म्हणजे खडीचा. तिथे रस्त्यांना अक्षरं आहेत. बी म्हणजे डांबरी. सी बहुतेक खडीचे, काही डांबरी. डी खडीचे, आणि त्यात चांगल्यापासून हाडं मोजायला लावणाऱ्यापर्यंत सगळे प्रकार. या खडीवर चारही चाकं फिरण्यापेक्षा गाडीची उंची आणि जाड, मजबूत टायर जास्त उपयोगी पडतात. छोटी सेडान घेऊन जाणारेही दिसतात, पण मी ती घेणार नाही. उंच टू बाय फोर (दोनच चाकांना ओढ असलेली) मात्र खुशाल घ्या.

आता यजमानांच्या दांड्याबद्दल. बहुतेक पिकअपमध्ये दांडा नसून गोल खटका असतो: टू हाय (दोन चाकांना ओढ), फोर हाय (चारही चाकांना ओढ, नेहमीचा वेग), फोर लो (चारही चाकांना ओढ, कमी वेग पण जास्त जोर). पहिल्यावरून दुसऱ्यावर चालत्या गाडीत जाता येतं. फोर लो घालायचं असेल तर थांबून, न्यूट्रलमध्ये टाकून मग फिरवायचा. पाच मिनिटांत समजतं. एकच पथ्य: डांबरी रस्त्यावर फोर हाय ठेवायचं नाही. या गाड्यांत मधला डिफरन्शिअल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, खडीवर ती घसरून तो फरक काढून टाकतात, डांबरावर घसरायला वाव नसतो. मग सगळा पीळ गिअरमध्ये बसतो.

भटकभवानी

काकांचं तांत्रिक सगळं मान्य, पण "हिशेब बसत नाही" याला माझा विरोध नोंदवून ठेवा.

शटलने गेलात की शटलच्या वेळेला बांधले गेलात. आणि सोसुसफ्लेचं सगळं गणित वेळेवरच आहे. सेसरिएमला दोन फाटकं आहेत. बाहेरचं सूर्योदयाला उघडतं. आतलं त्याच्या सुमारे तासभर आधी, पण फक्त आत मुक्काम असलेल्यांसाठी. आतल्या कॅम्पसाइटवर राहिलात तर अंधारात निघून पहिल्या उन्हाला सोसुसफ्लेजवळच्या डेडफ्लेत पोचता येतं. एका बाजूने टेकडी तांबूस होत खाली उतरते, आणि पांढऱ्या चिकणमातीच्या तळावर ती वाळलेली काळी झाडं अजून सावलीत असतात. अर्ध्या तासाने आलात तर उजेड सपाट झालेला असतो आणि माणसं आलेली असतात.

तंबूचं म्हणाल, तर एटोशातल्या ओकाकुएयोच्या कॅम्पवर जो पाणवठा आहे तिथे रात्री दिवे लावलेले असतात. जेवण उरकून, जॅकेट चढवून, पायीच भिंतीपाशी जाऊन बसायचं. काळा गेंडा पाण्यावर येतो तेव्हा आधी त्याचा श्वास ऐकू येतो, मग तो दिसतो. आजूबाजूला पन्नास माणसं असतील, पण कुणी खोकतसुद्धा नाही. तिथून उठून आपल्याच शिडीने वर चढून झोपायचं. लॉजमध्ये जेवणाच्या हॉलमध्ये वेटरची वाट बघत बसण्यापेक्षा हे मला कधीही चालेल.

पाचवा_गिअर

ओकाकुएयोला खोल्यापण आहेत हो. पाणवठ्याला लागूनच. गेंड्याला काय कळतंय तुम्ही कुठून आलात ते.

भटकभवानी

@पाचवा_गिअर, त्या खोल्यांचे दर बघा आणि मग परत या.

तळटीप

दोन्ही बाजूंनी गाडीबद्दल लिहिलं, कराराबद्दल कुणीच लिहिलं नाही. माझा पेशाच असा आहे की मी आधी बारीक अक्षरं वाचतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

नामिबियात भाड्याच्या गाडीचे अपघात बहुतेक समोरच्या गाडीशी होत नाहीत. गाडी एकटीच खडीवर घसरते आणि उलटते. आणि बऱ्याच करारांत नेमकं हेच वगळलेलं असतं किंवा अशा अपघाताला तुमचा हिस्सा वेगळा, खूप मोठा असतो. "झिरो एक्सेस" (म्हणजे नुकसानीत तुमचा हिस्सा शून्य) असं ठळक लिहिलेलं दिसलं तरी खालच्या ओळी वाचा. दुसरं वाहन गुंतलेलं नसलेला अपघात, गाडीचं पोट, पाण्याने झालेलं नुकसान, जळालेला क्लच, वाळूच्या वादळात खरवडलेला रंग आणि काच. यातलं काय विम्यात आहे आणि काय नाही, हे ईमेलवर लिहून मागा. तोंडी "येस येस, फुल कव्हर" याला अर्थ नाही. टायर आणि पुढची काच यांचं कव्हर बहुतेक ठिकाणी वेगळं विकतात. ते घ्याच, कारण समोरून येणाऱ्या ट्रकचा खडा काचेला लागणं हे तिथे रोजचं आहे.

दुसरं, वेग. कायद्याने खडीच्या रस्त्याला १०० किमीची मर्यादा आहे, पण अनेक भाडेवाले करारात ८० लिहितात आणि गाडीत नोंद ठेवणारं यंत्र बसवतात. अपघाताच्या क्षणी ८५ची नोंद निघाली तर तुमचा महागडा विमा तिथेच संपतो. रात्री गावाबाहेर गाडी चालवण्याचंही तसंच.

तिसरं, क्रेडिट कार्डावर ते मोठी रक्कम अडकवून ठेवतात. कार्ड मुख्य चालकाच्याच नावावर असावं लागतं. तेवढी मर्यादा कार्डावर शिल्लक आहे का, ते आधी बघा, नाहीतर विमानतळावरून थेट काउंटरवर जाऊन फोनाफोनी सुरू होते.

आमच्या एका परिचितांना गाडी परत करताना "खालच्या पत्र्याला पोचा" म्हणून चांगलाच फटका बसला. गाडी घेताना खाली वाकून कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे पोचा जुना की नवा हे सिद्ध करायला काहीच नव्हतं.

सावळागोंधळ

बापरे! तळटीप, धन्यवाद, हे कुठल्याच ब्लॉगवर वाचलं नव्हतं. पण ८० काय आणि १०० काय, रिकामा रस्ता असताना एवढा फरक पडतो का?

चिखलगाडी

पडतो, आणि रिकामा असतो म्हणूनच पडतो. नामिबियाचं क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किमी आणि २०२३च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम ३० लाख. तासभर समोरून गाडी येत नाही, रस्ता सरळसोट, आणि काटा आपोआप शंभरावर जातो.

वेग ८० वरून १०० केला की गाडीतली गतिज ऊर्जा ५६ टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यात छतावर पन्नास-साठ किलोचा एकेक तंबू, म्हणजे गुरुत्वमध्य वर सरकलेला. खडीवर मागचं टोक जरा डावी-उजवीकडे झालं की नवखा चालक ब्रेक दाबतो आणि स्टिअरिंग झटक्याने उलट फिरवतो. तिथून गाडी आडवी होते, कडेच्या मातीत चाक रुततं आणि कोलांटी. करायचं ते याच्या उलट: ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा, स्टिअरिंग जिकडे जायचंय तिकडे नरमपणे धरायचं, ब्रेकला हात... म्हणजे पाय लावायचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल अजून कुणी बोललं नाही: टायरमधली हवा. डांबरावर भरलेल्या गाडीला २.२ ते २.४ बार (हवेच्या दाबाचं एकक) असते, तीच हवा घेऊन खडीवर गेलात तर टायर दगडासारखा कडक राहतो. टोकदार खडी त्यात घुसते आणि गाडी उड्या मारते. खडीवर १.८ ते २ बार. सोसुसफ्लेच्या वाळूत १.२, गरज पडली तर १. टायर खाली पसरतो, लांबट ठसा उमटतो, गाडी वाळूवर तरंगते. परत डांबरावर येण्याआधी पुन्हा भरायची, कारण कमी हवेवर वेगात पळवली तर टायर तापतो आणि फुटतो. यासाठी गाडीसोबत कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज मिळायलाच हवा.

गाडी वाळूत बसली तर चाकं गरागरा फिरवत बसू नका, फक्त खोल जाते. उतरा, चाकांपुढची वाळू हातांनी ओढा, हवा आणखी कमी करा, आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या.

नुसताच_वाचक

ज्यांना पीएसआय कळतं त्यांच्यासाठी: १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. म्हणजे खडीला २६ ते २९, वाळूला १७-१८.

पाचवा_गिअर

नुसताच_वाचक साहेबांनी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं! धागा सार्थकी लागला.

गिअरबॉक्स_काका

चिखलगाडीशी सहमत, एक भर. खडीवर सतत फोर हाय लावून ठेवा. चारही चाकांना थोडी थोडी ओढ असते, वळणावर मागचं टोक निसटत नाही. नवख्यांसाठी फोर बाय फोरचा खरा फायदा हाच.

चिखलगाडी

काका, मग तुम्हीच वर "हिशेब बसत नाही" म्हणालात ना? ह. घ्या.

पण यात मला धोका दिसतो. फोर हायमध्ये गाडी इतकी शांत चालते की वेग वाढलेला कळत नाही. आणि ब्रेक तर टू हायमध्ये जेवढे लागतात तेवढेच लागतात. चारही चाकांना ओढ असली म्हणून गाडी लवकर थांबत नाही.

गिअरबॉक्स_काका

वेगाचं पथ्य पाळणार हे गृहीत धरूनच लिहिलं. ऐंशीच्या खाली राहणार असाल तर फोर हाय चांगलं. शंभरावर जाणार असाल तर फोर हायच काय, देव पण नको मधे यायला. आणि हो, हिशेबाचं वाक्य थोडं मागे घेतो. खडीच्या स्थिरतेसाठी फोर बाय फोर घेणं हे योग्य कारण आहे. वाळूच्या पाच किलोमीटरसाठी घेणं हे नाही.

रेवाकाठ

मी दोन मुलांसह छतावरच्या तंबूत राहिले आहे, तेव्हा सावळागोंधळ ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

मुलांना प्रचंड आवडतं. पहिल्या रात्री शिडीवरून वर-खाली करूनच दमतात. अडचणी मोठ्यांच्या.

पहिली अडचण: तंबू गाडीवर आहे, म्हणजे गाडी हलवायची तर घर मोडायचं. भटकभवानींनी लिहिलेली डेडफ्लेची पहाट खरोखर तशीच आहे, पण त्या आधीचं चित्र असं: पहाटे साडेपाच, हाताला बोचणारी थंडी, डोक्याला बॅटरी, पायथ्याशी एकजण ताडपत्री ओढतोय, दुसरा टपावर गुडघे टेकून गादी दाबतोय, आणि चेन कोपऱ्यात अडकलीय. दव पडलं असेल तर ओला तंबू तसाच गुंडाळायचा. एटोशातही तेच, पहाटे फेरीला निघायचं तर आधी आवराआवर.

दुसरी: रात्री लघवीला जायचं तर नऊ वर्षांच्या मुलाला एकटं शिडीवरून उतरू द्यायचं नाही. म्हणजे तुम्ही उतरणार. एटोशाच्या कॅम्पांवर कोल्हे बिनधास्त फिरतात आणि बाहेर राहिलेले बूट पळवतात. हलालीला तर हनी बॅजर कचऱ्याचे डबे उलथतात, त्यांना अजिबात भीती नसते. खायचं आणि चपला सगळं गाडीत बंद.

तिसरी: जून-जुलैच्या रात्री. दिवसा टी-शर्ट, रात्री वाळवंटात तापमान शून्याच्या जवळ जाऊ शकतं. भाड्याबरोबर मिळणाऱ्या स्लीपिंग बॅग पातळ असू शकतात. उबदार टोपी आणि आतले कपडे घरून न्या.

माझा सल्ला: दोन छतावरचे तंबू घेऊ नका. एक छतावरचा आणि एक जमिनीवरचा घ्या. मुलं वर, तुम्ही खाली, किंवा एक मोठं आणि एक लहान अशी वाटणी. छतावर वजन अर्धं होतं, आणि कॅम्पसाइटची जागा धरून ठेवायला खालचा तंबू उपयोगी पडतो. फेरीहून परत येईपर्यंत तुमच्या जागेवर दुसरंच कुटुंब खुर्च्या मांडून बसलेलं आम्ही पाहिलंय.

कोरडेपाषाण

एवढी उठाठेव कशाला? गाइडेड टूर घ्या. ड्रायव्हर चालवेल, स्वयंपाकी शिजवेल, तुम्ही खिडकीतून बघा. तंबू गुंडाळायला परदेशात कशाला जायचं?

भटकभवानी

पाषाण, तुमचं नाव अगदी योग्य ठेवलंय.

कोरडेपाषाण

धन्यवाद. पण प्रश्न कायम आहे. पंधरा दिवसांतले निम्मे दिवस गाडी चालवण्यात जाणार, त्यात चालक म्हणजे या बाईंचे यजमान, ज्यांना मुळात जायचंच नाहीये असं दिसतंय.

सावळागोंधळ

अहो, त्यांना जायचंय! फक्त दांडा ओढायचा नाहीये. आणि मीपण चालवते, चांगली चालवते.

तळटीप

मग दुसऱ्या चालकाचं नाव करारात घाला. विसरलात आणि तुम्ही स्टिअरिंगवर असताना काही झालं, तर विमा शून्य. परवाना इंग्रजीत असेल तरी आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवा, आरटीओतून मिळतो. वाहतूक डाव्या बाजूनेच आहे, त्यामुळे निम्मी धास्ती तिथेच कमी होते.

अमावस्येचा_चंद्र

कोरडेपाषाण यांच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट लपली आहे. लोक दिवसाची अंतरं नकाशावर मोजतात, सूर्यावर मोजत नाहीत. जूनमध्ये तिथे हिवाळा, विंडहूकला सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो. विंडहूक ते सेसरिएम सुमारे ३५० किमी. फोनवरचा नकाशा एक वेळ दाखवतो, खडी दुसरी. घाट, फोटो, हवा कमी करणं, डबा खाणं धरून पूर्ण दिवस जातो. दुपारी बाराला विमानातून उतरून, गाडी ताब्यात घेऊन, त्याच दिवशी सेसरिएम गाठायचा बेत केलात तर शेवटचे दोन तास अंधारात. आणि अंधारात रस्त्यावर कुडू (मोठं हरीण) येतो. एका नराचं वजन दोनशे किलोच्या पुढे, पाय लांब, त्यामुळे धडकेत त्याचं धड बॉनेटवरून सरळ काचेवर येतं. पहिली रात्र विंडहूकमध्येच काढा.

एटोशाची फाटकं सूर्योदय ते सूर्यास्त. आत वेग ६० किमी, आणि नेमून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही.

पेट्रोल पंपाचंही तसंच. सॉलिटेअरला मिळेल, सेसरिएमला मिळेल, पण "पुढच्या गावात भरू" हा विचार करायचा नाही. टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरायची. काही ठिकाणी कार्ड चालत नाही, रोख ठेवा. दक्षिण आफ्रिकेचा रँड तिथे नामिबियन डॉलरच्या बरोबरीने, एकास एक चालतो. परतीला मात्र नामिबियन डॉलर संपवून या, बाहेर कुणी घेत नाही.

चिखलगाडी

+१. आणि समोरून गाडी येताना दिसली की वेग कमी करून डावीकडे व्हा, दिवे दिवसाही चालू. तिच्या मागची धूळ पाच-सात सेकंद पूर्ण आंधळं करते. त्या धुळीत ओव्हरटेक करणारे महाभाग असतात.

कंपासपेटी

गाडी ताब्यात घेताना काय बघायचं ते लिहितो, कारण तिथे माणूस जेटलॅगमध्ये असतो आणि भाडेवाला भरभर बोलत असतो. दीड-दोन तास राखून ठेवा आणि घाई करू देऊ नका.

आधी मोबाइलवर सलग व्हिडिओ: चारही बाजू, काच, टप, आणि हो, तळटीप यांनी लिहिल्याप्रमाणे खाली वाकून पोट. व्हिडिओत त्यांचा माणूस दिसला तर उत्तम. मग टायर. स्टेपन्या दोन आहेत ना, आणि दोन्ही लावलेल्या टायरच्याच मापाच्या आहेत ना? टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. "२३१९" म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसणारा पण म्हातारा टायर उन्हात फुटतो, असा असेल तर बदलून मागा.

मग त्यांच्यादेखत जॅक बाहेर काढायला लावा. स्टेपनी पिकअपच्या पोटाखाली साखळीला लटकत असेल तर ती खाली सोडणारी सळई कुठून घालायची, ते स्वतः करून बघा. ही सळई सीटच्या मागे अशा जागी असते की रस्त्यात शोधायला अर्धा तास जातो. जॅकखाली ठेवायला फळी आहे का? वाळूत फळीशिवाय जॅकच खाली जातो.

दोन्ही तंबू उघडून बघा. चेन पूर्ण लागते का, शिडीचे खटके बसतात का. कॉम्प्रेसर लावून एका टायरमध्ये खरंच हवा भरा. फ्रीज दुसऱ्या बॅटरीवर चालतो, ती बॅटरी इंजिन बंद असताना तो चालवते का ते विचारा. गॅस पेटवून बघा. ओढायचा पट्टा असेल तर तो अडकवायचे मजबूत हुक पुढे-मागे कुठे आहेत ते दाखवायला सांगा. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा कधीच अडकवू नये, ताणाखाली तो तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं दगावली आहेत.

शेवटचं: मागच्या कॅनपीत (पिकअपच्या मागच्या झाकलेल्या भागात) धूळ येणारच. कितीही रबर लावलेलं असो. कपडे, पीठ, कॅमेरा, सगळं पिशवीत बंद. अंडी मागच्या चाकाच्या वर ठेवू नका.

पाचवा_गिअर

अंड्यांचं हे वाक्य अनुभवातून आलेलं दिसतंय.

कंपासपेटी

बायकोच्या अनुभवातून. ती ठेवू नका म्हणाली होती.

रेवाकाठ

अवांतर: खाण्याचा विषय निघालाच आहे तर. देशाच्या उत्तर भागातून दक्षिणेकडे येताना जनावरांच्या रोगांसाठी तपासणीची कुंपणरेषा आहे, पाल्मवागसारख्या ठिकाणी फाटकावर फ्रीज उघडून बघतात. कच्चं मांस दक्षिणेकडे नेता येत नाही. त्यामुळे कॅम्पवर भाजायला घेतलेलं मांस त्या बाजूलाच संपवा. आम्ही शाकाहारी, तरी प्रत्येक डबा उघडून दाखवला. हिंगाच्या डबीवर अधिकारी बाई बराच वेळ थांबल्या.

पाचवा_गिअर

हिंगाचा डबा उघडा असेल तर कोल्हे बुटांच्या जवळ फिरकायचे नाहीत. दोन प्रश्न एका दगडात.

अमावस्येचा_चंद्र

अवांतराला अवांतर: ट्वेफेलफाँटेनला दगडांवर कोरलेली प्राण्यांची चित्रं आहेत, २००७ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. दुपारी उन्हात जाऊ नका, कोरीव रेषा सपाट दिसतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. आणि त्या भागात वाट सोडून गाडी घालू नका. खडीच्या मैदानावर उठलेली चाकाची खूण पुसायला दशकं लागतात, त्यातल्या दगडफुलाला तर त्याहून जास्त.

नुसताच_वाचक

मूळ प्रश्न राहिला बाजूला. ताईंनी "घ्यावी का" विचारलं, आपण गाडी देऊन, अंडी भरून, हिंगसुद्धा तपासून मोकळे.

सावळागोंधळ

नाही हो, उलट सगळं उपयोगी पडतंय. काल रात्री नवऱ्याने धागा पहिल्यापासून वाचला. रेवाकाठ यांची पहाटेची आवराआवर वाचून तो मोठ्याने हसला, तळटीप यांचा प्रतिसाद वाचून गप्प झाला, आणि मग म्हणाला, तंबू मान्य, पण रोज नको.

तर सध्या असं ठरतंय: फोर बाय फोर, छतावर एक तंबू, एक जमिनीवरचा. सेसरिएमला आतल्या कॅम्पवर आणि एटोशात तंबू. स्वाकोपमुंडला खोली, तिथे धुकं आणि वारा असतो म्हणे, कपडेही धुवून होतील. ट्वेफेलफाँटेनचं अजून ठरत नाहीये. पहिली रात्र विंडहूक. दोघांची नावं करारात. कॉम्प्रेसर आणि दुसरी स्टेपनी ईमेलवर लिहून मागितली आहे, विम्यातून वगळलेल्या गोष्टींची यादीही. उत्तर यायचंय.

आता नवीन वाद: गाडी मॅन्युअल घ्यायची की ऑटोमॅटिक? ऑटोमॅटिक महाग आहे.

चिखलगाडी

वाळूत पहिल्यांदाच जाताय तर ऑटोमॅटिक. मॅन्युअलमध्ये नवखा माणूस वाळूत गिअर बदलताना क्षणभर ओढ सोडतो आणि गाडी तिथेच बसते. मग बाहेर काढायला क्लच अर्धा दाबून रेटतो. वास आला की समजायचं क्लच गेला, आणि क्लच बहुतेक विम्यात नसतो.

गिअरबॉक्स_काका

मॅन्युअल घ्या. वाळूत शिरण्याआधीच फोर लो आणि दुसरा गिअर टाकायचा, बाहेर पडेपर्यंत बदलायचाच नाही. क्लचला हात लावायचं कारणच उरत नाही. वाचलेल्या पैशांत टायर-काचेचा विमा येतो.

चिखलगाडी

काका, त्यांनी फोर लो अजून पाहिलेलंसुद्धा नाही!

गिअरबॉक्स_काका

पाच मिनिटांत समजतं, असं मी वरच लिहिलंय.

तळटीप

दोघांचं ठरेपर्यंत ताई, आतली कॅम्पसाइट आधी बुक करा. जून-जुलैला सेसरिएमच्या आतल्या जागा भरतात. गाडी त्या तारखांना जुळवून घेता येते, उलटं जमत नाही.

सावळागोंधळ

केली. सेसरिएमला दोन रात्री मिळाल्या. ओकाकुएयोला एकच मिळतेय, दुसरी हलालीला.

रेवाकाठ

हलाली चालेल. बूट आत.